आईची मांडी आणि न्यूटन

आपल्याकडे गाडीतून काय काय बांधून नेतात, हे कधी नीट बघितलंय का? उसाची ट्रॉली दोरखंडानं आवळलेली असते. गॅसच्या टाक्या टेम्पोत साखळीला असतात. नवा टीव्ही घरी येतो तो थर्माकोलच्या साच्यात, खोक्यात, वरून चिकटपट्टी मारून. आणि गणपती आणताना तर विचारूच नका! मूर्तीच्या पाठीला उशी, दोन्ही बाजूंना तक्के, खाली गादी, आणि गाडी दहाच्या स्पीडनं. खड्डा आला की सगळे एकदम ओरडणार, "अरे सावकाश, बाप्पा आहेत!"

त्याच गाडीतून कधीतरी घरातलं तान्हं बाळ जातं. ते कुठे असतं? कुणाच्या तरी मांडीवर. बांधलेलं? छे! बाळाला कुणी बांधतं का?

या 'छे'बद्दलच मला लिहायचं आहे. होस्टेलवाल्यांच्या अंकात बाळांचा विषय कशाला, असं म्हणून पान उलटू नका. आपल्यापैकी बरेच जण येत्या आठ-दहा वर्षांत आई-बाप होणार (ज्यांचं जमलंय ते जरा आधी, बाकीच्यांना शुभेच्छा). मामा, काका, आत्या, मावशी तर कित्येक जण आत्ताच झालेले आहेत. आणि स्टाफ क्वार्टर्समधल्या वाचकांच्या घरी हा रोजचा प्रश्न आहे, मग तो कुणाला प्रश्न वाटो न वाटो.

मी मागच्या वर्षी मामा झालो. त्याच वर्षी कॉलेजच्या बाहा टीममध्येही घुसलो. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बाहा म्हणजे काय हे आपल्या कँटीनमध्ये बसणाऱ्यांना सांगायला नको, कारण आम्ही दुसरं काही बोलतच नाही. तरी नवीन लोकांसाठी सांगतो. विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या एकसीटी गाड्या चिखलात, दगडांत पळवायची ही स्पर्धा. भारतात ती २००७ साली इंदूरजवळच्या पीथमपूरला सुरू झाली. आमची गाडी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि मागे एक छोटं इंजिन. कितीही ताणली तरी ताशी पन्नास-साठच्या वर ती फारशी जात नाही. पण तिच्यात बसणाऱ्या ड्रायव्हरला कमीत कमी पाच पट्ट्यांनी सीटला बांधावं लागतं. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांच्या मधून. शिवाय गाडी उलटली तर हात पिंजऱ्याबाहेर जाऊ नयेत म्हणून हातांनाही वेगळे पट्टे. डोक्यावर हेल्मेट, मानेभोवती कॉलर. पट्ट्याचा बोल्ट कुठल्या नळीला कुठल्या कोनात बसवलाय, हे तपासनीस टॉर्च मारून बघतात. त्यात काही कमी निघालं तर गाडी ट्रॅकवर जातच नाही, मग तुम्ही रात्र रात्र जागून वेल्डिंग केलेलं असो. आमचा ड्रायव्हर दर वेळी बडबडतो, "मला कुरिअरनं पाठवताय का रे?"

हा ड्रायव्हर एकवीस वर्षांचा, ऐंशी किलोचा, जिमला जाणारा गडी आहे.

आणि माझी भाची साडेतीन महिन्यांची, सहा किलोची. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे ताई कराडला आमच्याकडे होती. आता बाळ-बाळंतीण सासरी, पुण्याला पोचवायची होती. अंतर साधारण १६० किलोमीटर, सगळा हायवे. घरात महिनाभर आधीपासून बेत चालले होते. दिवस कुठला चांगला, डिंकाचे लाडू किती डबे, सोबत कोण कोण. लाकडी पाळणा गाडीच्या टपावर ठेवायचा आणि तो सुतळीनं नको, नायलॉनच्या दोरीनं बांधायचा, यावर अण्णांनी एक संध्याकाळ घालवली. पाळणा बांधून, आणि पाळण्यातलं माणूस मोकळं!

इथे मला अप्लाइड मेकॅनिक्स आठवलं. ज्या विषयानं अख्ख्या होस्टेलला केटी दिली, तो विषय घरी सुट्टीवर गेल्यावर आठवावा हे वाईटच. पण गणित इतकं सोपं आहे की आपल्या पहिल्या सेमिस्टरच्या पेपरात ते दोन मार्कांनाही येणार नाही.

गाडी ताशी ५० नं चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोर भिंत किंवा उभा ट्रक. गाडीचं नाक साधारण ६० सेंटिमीटर चेपतं आणि गाडी थांबते. या सगळ्याला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही. वेग कमी होण्याचा दर काढला तर तो सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट येतो. सहा किलोच्या बाळाला गाडीबरोबर थांबवायचं असेल, तर त्याला धरणाऱ्या हातांना तेवढा वेळ सुमारे शंभर किलोचा जोर लावावा लागेल. सिव्हिलवाल्यांच्या भाषेत, सिमेंटची दोन पोती. आणि हा सरासरी आकडा आहे, मधला शिखराचा क्षण याहून बराच मोठा असतो. पुन्हा हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. बाळाला घट्ट धरावं हे मेंदूनं हातांना सांगेपर्यंत बाळ हातातून गेलेलं असतं.

बरं, धरणाऱ्या बाईनं स्वतः पट्टा लावला नसेल तर? तीही पुढे फेकली जाणार. साठ किलोच्या माणसाचा त्या क्षणी जवळजवळ एक टन होतो, आणि त्या एक टनाच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये बाळ असतं. काही हुशार लोक स्वतःच्याच पट्ट्यात बाळालाही घेतात. ते तर आणखी वाईट, कारण मग तो सगळा भार बाळाच्याच अंगावर पट्ट्यासकट येतो.

ज्यांना आकडे आवडत नाहीत त्यांच्यासाठी दुसरा हिशोब. ताशी ५० नं आदळणं म्हणजे जवळपास दहा मीटर उंचीवरून पडणं, म्हणजे आपल्या होस्टेलच्या तिसऱ्या मजल्याची गॅलरी. ताशी ८० ला हीच उंची पंचवीस मीटर होते, तेवढी उंच इमारत आपल्या कँपसमध्ये नाही. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी बाळ घेऊन कुणी नुसतं उभं राहिलं तरी आपल्या पोटात गोळा येतो. हायवेवर तेच बाळ खिडकीला नाक लावून उभं असतं, आणि आपण मागच्या गाडीतून त्याला टाटा करतो.

मी हे सगळं ताईला फोनवर सांगितलं. ताई कॉमर्सची असली तरी हिशोबाची पक्की. तिनं दाजींना सांगितलं, दाजींनी पुण्यात दुकानं पालथी घातली आणि सात हजारांची एक सीट घेऊन ते न्यायच्या आदल्या दिवशी कराडला हजर झाले. मग सुरू झाली खरी परीक्षा. वायव्हाला एक्स्टर्नल एकच असतो, इथे चार होते.

आजी म्हणाली, "पोरीला बांधून न्हेणार व्हय रं? चोर हाय का ती?"

मावशी म्हणाली, "गुदमरेल की ती त्यात. आणि आम्ही चार पोरं वाढवली ती काय बांधून?"

अण्णा म्हणाले, "सात हजार?" एवढंच. पण त्या प्रश्नचिन्हात सगळं आलं. मामाकडून बाळाला चांदीचे वाळे करायचे म्हणून त्यांनी काढून ठेवलेल्या पैशांपेक्षा ती रक्कम जास्त होती.

आई काही बोलली नाही. ती आत लाडू भरत होती.

मी गणित काढून दाखवायला वही घेतली तर आजीनं वहीकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबरच आहे. ज्या बाईनं पाच मुलं आणि अकरा नातवंडं हातावर खेळवली, तिला मी हातांच्या ताकदीचं सूत्र काय सांगणार? मग मला तिचंच एक काम आठवलं. रोज सकाळी अंघोळ, शेक-शेगडी, धुरी झाली की आजी बाळाला दुपट्यात असं घट्ट गुंडाळायची की बाहेर फक्त नाक आणि टोपडं. हातपाय हलवायची सोय नाही. आणि बाळ त्यात दोन-दोन तास झोपायचं. मी म्हटलं, "आजी, हे बांधणं नाही तर काय आहे?"

"ते येगळं. त्यानं पोर दचकत न्हाई."

"मग हेही त्यासाठीच. गाडी दचकली तर पोर दचकू नये म्हणून."

आजी गप्प बसली, पण पटलं म्हणून नाही. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. झाशीची राणी! चौथीपासून जे चित्र आपण बघतो, त्यात दामोदर कुठे असतो? घोड्यावर पुढ्यात, हातात धरलेला? पाठीशी शेल्यानं बांधलेला असतो. तांब्यांची मनू ती, घोड्याची तिला चांगली माहिती. एका हाताला लगाम, दुसऱ्या हाताला तलवार, पोराला धरायला तिसरा हात नाही, आणि घोडा उधळला तर हाताचा भरवसा नाही. यावर आजी म्हणाली, "तुझी ताई काय लढाईला चाललीय?" पण हसली. पुणे-बंगळूर हायवे रोज बघणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर मी मनातच दिलं.

आमची आजी कराडची, कधी शाळेत न गेलेली. म्हणून ती असं बोलते असं कुणाला वाटत असेल तर अमेरिकेतली गोष्ट ऐका. तिथल्या टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. गाड्यांच्या अपघातात मुलं दगावतात हे बघून त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं आमदारांच्या मागे लागून १९७७ साली मुलांना सीटमध्ये बांधण्याचा कायदा करवून घेतला. अमेरिकेतल्या राज्यांमधला तो पहिलाच, आणि १९७८ च्या सुरुवातीपासून लागू. पण मंजूर होताना विधिमंडळानं त्यात एक पळवाट घातली. मोठ्या माणसानं बाळ हातात धरलेलं असेल तर सीट नको! म्हणजे सूटबूट घातलेले आमदारसुद्धा थेट आमच्या आजीच्या पक्षाचे. सँडर्स या पळवाटेला काय म्हणायचे? 'मूल चिरडणारी दुरुस्ती.' इतका स्पष्ट शब्द वापरूनही ती काढून टाकायला १९८१ साल उजाडलं. पुढे १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्याच राज्यांनी असे कायदे केले. तिथल्या महामार्ग सुरक्षा खात्याचा हिशोब असा की, नीट बसवलेल्या सीटमुळे कारमधल्या एक वर्षाखालच्या बाळांचा जीव जाण्याचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या कुठल्याही औषधाला एवढे मार्क पडत असतील का, शंकाच आहे.

आता सीटकडे येऊ. दाजींनी ती गाडीत ठेवली आणि पहिला वाद झाला तोंडावरून. "ही उलटी का? पोरीचं तोंड मागं? तिला रस्ता कसा दिसणार?"

साडेतीन महिन्यांच्या बाळाला रस्ता बघून करायचंय काय, हा भाग सोडा. खरी गोष्ट डोक्याची आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या चौथा हिस्सा असतं. आपलं सातवा-आठवा. वजनाचंही तसंच. आपल्या मापात सांगायचं तर मानेवर पंधरा-वीस किलोचा हंडा ठेवून फिरण्यासारखं. आणि ती मान म्हणजे अजून पुरती हाडं न झालेले, कुर्चेचे मणके आणि सैल दोऱ्या. तोंड पुढे असेल तर धडकेत खांदे पट्ट्यानं थांबतात, पण डोकं पुढे जातच राहतं, आणि ते थांबवायचं काम एकट्या मानेवर येतं. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या टेकूत दाबलं जातं. जोर तेवढाच, पण सगळ्या पाठीवर पसरलेला. प्रेशर म्हणजे फोर्स भागिले एरिया, एवढंच.

ही कल्पना सुचली स्वीडनच्या बर्टिल आल्डमन या डॉक्टर-प्राध्यापकांना. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर पडून असतात, म्हणजे सगळा धक्का पाठीवर वाटला जातो, यावरून त्यांनी १९६४ साली लहान मुलांसाठी उलट्या तोंडाची सीट बनवून बघितली. त्याच्या पाचच वर्षं आधी, १९५९ मध्ये, स्वीडनच्याच नील्स बोलिन यांनी मोठ्यांचा तीन बिंदूंचा पट्टा गाडीत आणला होता. हे बोलिन आधी लढाऊ विमानांच्या सीटवर काम करायचे. म्हणजे मोठ्यांचा पट्टा विमानातून आला आणि बाळाची सीट अंतराळातून. त्याआधी लहान मुलांच्या सीट नव्हत्या असं नाही. १९३०-४० च्या सुमाराला होत्या, पण त्या पोरानं एका जागी बसावं आणि त्याला खिडकीतून दिसावं म्हणून. काहींना खेळण्यातलं स्टिअरिंगही असायचं. आज युरोपच्या नव्या नियमात पंधरा महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवणं सक्तीचं आहे, आणि स्वीडनमध्ये लोक चार-चार वर्षांच्या पोरांना उलटं बसवतात. दाजींनी विचारलं, "पाय कुठे ठेवतात मग?" मी म्हटलं, "मांडी घालून बसतात." मांडी ही अशी कामाला येते.

एक मात्र आहे. ही उलटी सीट ड्रायव्हरशेजारी, चालू एअरबॅगच्या समोर कधीही ठेवायची नाही. फुग्यासारखं नाव असलं तरी एअरबॅग सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांशात स्फोटानं फुगते आणि बाळाच्या डोक्यामागच्या टेकूवरच आदळते. अमेरिकेत १९९० च्या दशकात अशी बाळं गेली, तेव्हा लोकांना कळलं. आपल्याकडे २०२१ पासून नव्या कारना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. पुढच्या सीटवर मांडीवर बाळ घेऊन बसलेली बाई दिसली की मला आता डॅशबोर्डच दिसतो.

सीट बसवायला दाजींना आणि मला एक तास लागला. मे महिन्याची दुपार, गाडी अंगणात, अण्णा छत्री धरून उभे. गाडीचा पट्टा सीटच्या कुठल्या खाचेतून जातो ते चित्र सीटवरच असतं, आणि उलट्या तोंडाची खाच वेगळी असते. सीटवर गुडघा दाबून पट्टा ओढायचा, मग सीट धरून हलवून बघायची. बोटभर हलली तर चालेल, डुगडुगली तर पुन्हा काढायची. बाळ लहान असेल तर सीट बरीच आडवी, साधारण पंचेचाळीस अंशात हवी. नाहीतर झोपेत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. (मावशीचा 'गुदमरेल' अगदीच चुकीचा नव्हता, फक्त त्यावर इलाज कोन बदलण्याचा होता.) अंश मोजायला मी वर्कशॉपमधला प्रोट्रॅक्टर आणला होता. त्यावर दाजींनी मला कोपरापासून हात जोडले.

खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत. आवळल्यावर खांद्यापाशी पट्ट्याला चिमटा काढून बघायचा, चिमटीत पट्ट्याची घडी आली तर तो सैल आहे. आणि इथे आजीच्या दुपट्याची अडचण झाली. बाळ दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये ठेवलं की पट्टा आवळला जातो तो कापसावर. धडकेत कापूस चेपतो आणि बाळ पट्ट्यातून सुटतं. म्हणून आधी पातळ झबल्यात बाळ, मग पट्टा, मग वरून हवं तेवढं दुपटं. आजीनं हे लगेच मान्य केलं. पोतं भरताना आत हवा राहिली की दोरी सैल पडते हे तिला माहीत होतं म्हणे.

जाता जाता दुकानाचं एक. सीटवर युरोपीय मानकाचं नारिंगी लेबल असतं, ते बघून घ्या. आणि कुणाकडून जुनी घेणार असाल तर ती आधी कुठल्या अपघातात नव्हती याची खात्री असेल तरच. आपल्या बाहा शेडमधला तडा गेलेला नकल बाहेरून जसा अगदी साजूक दिसतो, तसंच.

निघायच्या दिवशी सगळं तयार झालं. पाळणा टपावर गेला. आजीनं दहीसाखर दिली, दृष्ट काढली. ताईनं बाळाला सीटमध्ये ठेवलं, मी पट्टे लावले. आणि आई दाराशीच थांबली. गाडीत बसेना. मला वाटलं तिलाही सीट पटली नसेल, म्हणून मी पुन्हा सोळापट गुरुत्वाकर्षण सुरू केलं. ती म्हणाली, "कळलं रे मला ते. परवाच कळलं. पण पुण्यापर्यंत चार तास तरी मांडीवर असती. आता पुन्हा कधी येणार ती?"

यावर माझ्याकडे सूत्र नव्हतं. साडेतीन महिने रात्री-अपरात्री उठून आईनंच तिला मांडीवर निजवली होती. सासरी पोचली की बाळ तिकडचं. घरात सगळे सुरक्षिततेवर भांडत होते, आणि आईचं म्हणणं भलतंच होतं. ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग ताईनं मार्ग काढला. ती पुढे बसली आणि आईला मागे सीटला अगदी लागून बसवलं. कराड सोडेपर्यंत आईचं बोट बाळाच्या मुठीत गेलं होतं. बाळ उंब्रजपर्यंत रडलं, हे खरं आहे, लपवत नाही. मांडीवरही रडलंच असतं असं मी म्हणणार नाही, बहुतेक नसतं रडलं. मग झोपलं. इतक्या लहान बाळाला सीटमध्ये तासन्‌तास ठेवायचं नसतं, म्हणून साताऱ्याच्या पुढे एकदा आणि खेड शिवापूरच्या अलीकडे एकदा गाडी हॉटेलपाशी लावली. दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास बाळ आईच्या मांडीवर. दाजींचे दोन चहा झाले तरी आई उठेना, आणि कुणी तिला घाई केली नाही.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण 'आपल्याकडे कुठे असले नियम' असं म्हणणारे आमच्या विंगमध्येच सहा आहेत. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळसीट न लावता नेलं तर हजार रुपये दंड आला. मुलाचा नाही, नेणाऱ्याचा. मागच्या सीटवर पट्टा कशाला, हा प्रश्न तर ४ सप्टेंबर २०२२ नंतर कुणी विचारायला नको होता. त्या दिवशी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात मागे बसलेले सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागातली होती. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यात दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढ्या डमी गाडीत ठेवून ताशी ६४ नं धडक देतात आणि मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे देतात. जाहिरातीत ते पाच तारे झळकतात, पण ते बाळसीटमध्ये नीट बांधलेल्या डमीला मिळालेले असतात. मांडीवर डमी ठेवून तारे देणारी चाचणी नसते.

पण खरं सांगू, मला कारवाल्यांपेक्षा जास्त काळजी दुचाकीची वाटते. संध्याकाळी पाचला आपल्या गेटवर उभं राहा. पुढे स्कूटरच्या फळीवर हँडल धरून उभं असलेलं पोर, मागे आईच्या कडेवर तान्हं, आणि हेल्मेट एकट्या बाबांना. कार ज्यांच्याकडे नाही त्यांना मी सात हजारांच्या सीटचं काय सांगणार? पण १५ फेब्रुवारी २०२३ पासून त्यांच्यासाठीही नियम आहे, आणि तो अगदी झाशीच्या राणीचा आहे. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर पट्ट्याच्या जाकिटानं चालवणाऱ्याशी बांधायचं, नऊ महिन्यांच्या पुढे त्याच्या मापाचं हेल्मेट घालायचं, आणि वेग ताशी ४० च्या आत. असं जाकीट फार महाग नसतं, सबमिशनच्या आठवड्यात आपण झेरॉक्सवाल्याला जेवढे देतो त्यात येईल. पोर झोपेनं पेंगतं आणि बाजूला कलंडतं, हे तर स्कूटरवाल्या प्रत्येक आईनं अनुभवलेलं आहे. निदान तेवढं तरी त्यानं थांबतं. रिक्षात पट्टाच नसतो, तिथे सगळ्यात आतल्या बाजूला बसणं आणि रिक्षावाल्या काकांना 'हळू' म्हणणं एवढंच हातात उरतं.

आपल्या मेसमधल्या काकू त्यांच्या तीन वर्षांच्या नातवाला घेऊन रोज स्कूटरवर येतात. तो पुढे उभा राहून हॉर्न वाजवतो, आणि त्यावरून आम्हाला कळतं की पोहे तयार व्हायला आता अर्धा तास. मागच्या महिन्यात आमच्या टीमनं वर्गणी काढून त्याला जाकीट आणि निळं हेल्मेट आणलं. हेल्मेट तो आता जेवतानाही काढत नाही. जाकिटाचं मात्र रोजचं भांडण आहे, कारण मागे बांधलं की हॉर्नपर्यंत हात पोचत नाही. त्यावर आम्ही उपाय केलाय. सायकलची पिपाणी त्याच्या जाकिटालाच लावून दिली आहे, आता पोह्यांची वर्दी पूर्वीपेक्षा मोठ्यानं येते.

क्वार्टर्समधल्या कुणाला सीट बसवून हवी असेल, किंवा बसवलेली तपासून हवी असेल, तर रविवारी सकाळी दहाच्या पुढे आम्ही बाहा शेडमध्येच असतो. गाडी, सीट आणि शक्य असेल तर बाळ, तिन्ही घेऊन या. प्रोट्रॅक्टर आमचा, चहा तुमचा.